टणाटण नावाची भित्री बोट

मित्रांनो, आधी हसून घ्या, मग ऐका. मी एक जुनी मोटारबोट आहे आणि मला पाण्याची भीती वाटते.

हो, बोट असून. तुम्ही म्हणाल, हे म्हणजे चुलीने विस्तवाला भ्यावे तसे झाले. झाले खरे. पण भीती काही विचारून येत नाही, आणि माझी भीती तर माझ्या पाठीतच घर करून बसली होती. ती तिथे कशी बसली, कोणाला दिसली नाही, आणि ज्याला अखेर कळली त्याने काय केले, एवढेच मला सांगायचे आहे. मध्येच थोडी मागे जाईन, थोडी रेंगाळेन. म्हातारीची सवय आहे, चालवून घ्या.

माझा जन्म एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मोठ्या साच्यात फायबरचे कापड अंथरायचे, त्यावर उग्र वासाचा चिकट रस ओतायचा, रोलर फिरवायचा, पुन्हा कापड, पुन्हा रस. अशी मी थराथराने घडले. मागच्या बाजूला, जिथे इंजिन टांगतात तिथे, कारागिरांनी एक जाड लाकडी फळी बसवली आणि तीही फायबरने मढवून टाकली. बाहेरून पाहणाऱ्याला कळायचेसुद्धा नाही की माझ्या पाठीत लाकूड आहे. ही फळी लक्षात ठेवा. इंजिनाप्रमाणे ही सारी गोष्टही तिच्यावरच टांगलेली आहे.

साच्यातून मला बाहेर काढले तेव्हा शेडमधला सर्वांत वयस्कर कारागीर पुढे आला. बोटे मुडपून त्याने माझ्या अंगावर ठिकठिकाणी टकटक केली आणि दर वेळी कान लावून थांबला. मी म्हणाले, "टण." त्याने पोटाशी ठोकले. मी म्हणाले, "टण." पाठीवर ठोकले. "टण!" तो हसला. "छान बोलतेय," म्हणाला.

मित्रांनो, देवाने जीभ सगळ्यांना दिलेली नाही, पण आवाज कोणाला दिला नाही? मडक्याला दिला, दाराला दिला, रिकाम्या डब्याला तर जरा जास्तच दिला. विचारणाऱ्याने टकटक करावी आणि उत्तर येईपर्यंत थांबावे, एवढीच आमच्याशी बोलण्याची रीत. माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द 'टण' असा होता, आणि तेव्हा मला पाण्याची भीती अजिबात नव्हती.

माझी पहिली मालकीण एक सुईण होती. ती राहायची त्या तळ्याला सगळीकडून डोंगर, रस्ता कुठेच नाही. कोणत्या काठावरून कधी बोलावणे येईल याचा नेम नसे. बोलावणे आले की ती पिशवी आत टाकायची, हात जोडायची, इंजिनाची दोरी ओढायची आणि आम्ही निघायचो. माझे इंजिन ऐकू आले की काठावरची माणसे एकमेकांना सांगायची, "आली रे आली, आता काळजी नाही!" ते सुईणीसाठी असायचे, पण मी ते आपल्याही नावावर जमा करून घ्यायचे. एकदा तर एका अवघडलेल्या बाईला नेत असताना तिच्या बाळाने काठाला लागेपर्यंत धीर धरला नाही आणि ते माझ्यातच जन्मले. त्याचे पहिले रडणे माझ्या तळाला ऐकू गेले होते. सांगायचे काय, तर मीही कोणे एके काळी भरवशाची होते.

मग रस्ता झाला, पूल झाला, आणि सुईणही देवाघरी गेली. तिच्या पुतण्याने मला आपल्या गावी नेऊन घराच्या भिंतीला टेकवून ठेवले. वरून ताडपत्री टाकली. पहिल्या वर्षी तो ती उचलून मधूनमधून बघायचा. पुढे ताडपत्री फाटली, आणि बघणेही थांबले.

पावसाचे पाणी माझ्या पोटात साचू लागले. कधीतरी कोणीतरी माझ्या पाठीवर गळ अडकवायला एक स्क्रू मारला होता आणि नंतर काढून घेतला होता. ते भोक तसेच उघडे होते. तेवढ्याशा भोकातून पाणी आत शिरले आणि थेट त्या फळीत गेले. फायबर पाणी पीत नाही. लाकूड पिते, आणि पिऊन गप्प बसते. पाऊस गेला, ऊन आले, मी वरून वाळले. आतली फळी वाळली नाही. ती मऊ होत गेली, काळी होत गेली. पाठ असूनही पाठ नसल्यासारखे मला वाटू लागले. भीती शिरली ती तिथूनच.

कारण मला ठाऊक होते की उद्या कोणी मला पाण्यात नेले, इंजिन जोरात सोडले, तर ते जड धूड त्या सडक्या फळीसकट उखडून जाईल. आणि बोटीची पाठ गेली की पाणी विचारपूस करीत नाही. ते आत येते.

पुतण्याला मला विकायचे होते. त्याने भेगांमध्ये पुट्टी भरली, पॉलिश पेपर फिरवला, झकास निळा रंग दिला. आत काय आहे हे त्याला माहीत होते की नव्हते, देव जाणे. मी त्याचा न्याय करणारी कोण? पण आरशासारखी चमकत मी अंगणात उभी राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मनातल्या मनात विनवू लागले, मला घेऊ नका.

एका जोडप्याने मला घेतले.

नवरा छापखान्यातून निवृत्त झालेला मशीनमन. धडधडणाऱ्या मोठ्या मशीनपाशी उभ्या उभ्या त्याचे केस पिकले होते. बायको शिलाई करायची, आणि तिचा गळा गोड होता. दर आठवड्याला प्रार्थनेला जमलेल्या मंडळींत देवाची गाणी ती सांगायची आणि बाकीचे तिच्यामागून म्हणायचे. त्यांच्याबरोबर बायकोचा धाकटा भाऊ आला होता. त्याला सगळे छोटू म्हणत. नावाने छोटू आणि अंगाने कपाटाएवढा. त्याचे स्कूटर दुरुस्तीचे गॅरेज होते. तो बहिणीला ताई आणि तिच्या नवऱ्याला दाजी म्हणायचा, म्हणून मीही त्यांना तेच म्हणू लागले.

त्यांच्या गावाशेजारी मोठे तळे होते. तळ्याच्या पलीकडच्या काठावर ताईची थोरली बहीण राहायची. आताशा तिच्याने घराबाहेर पडवत नव्हते. रस्त्याने जायचे तर साऱ्या तळ्याला वळसा, आणि ताईला बस लागायची. एकदा गेली की दोन दिवस झोपून काढायची. म्हणून दाजींनी मनात घेतले होते की बोट घ्यायची आणि हिला सरळ पाण्यावरून बहिणीच्या दारात उतरवायची.

"मला पोहता येत नाही हो," ताई म्हणाली.

"पोहायला कोण सांगतंय? बसायचं आहे नुसतं."

"बसते. पण आधी तिला नीट तपासा. नंतर मला बुडवून पोलिसांना सांगाल, ही आपली आपणच गेली."

"तुला बुडवायचं असतं तर बोटीचा खर्च कशाला केला असता?"

छोटू खो खो हसला. मी हसले नाही. ही गोड गळ्याची बाई माझ्यात बसणार, तिला पोहता येत नाही, आणि माझ्या पाठीत काय आहे ते मला माहीत. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

त्यांनी मला ट्रेलरवर चढवून आपल्या अंगणात आणले आणि कामाला लागले. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, इतकी माया मला सुईण गेल्यापासून कोणी केली नव्हती. ताईने बादल्यांवर बादल्या पाणी ओतून माझे पोट घासले. पुढच्या कप्प्यात तिला उंदरांचे घरटे सापडले, कापसाचे, चिंध्यांचे, आत गुलाबी पिल्ले.

"अगं बाई, ही तर बाळंतिणीची खोली!" ती म्हणाली, आणि घरटे ओंजळीत धरून कुंपणापलीकडे गवतात ठेवून आली. मला माझी सुईण आठवली.

छोटूने टाकीतले जुने पेट्रोल उपसले. त्याला कुजक्या रंगासारखा वास येत होता. त्याने पेट्रोलच्या कडक झालेल्या नळ्या फेकून नव्या लावल्या, बॅटरी बदलली, पोटातले पाणी बाहेर फेकणारा पंप साफ केला. सुकाणूच्या तारेला ग्रीस दिले. इंजिन गॅरेजमध्ये नेऊन दुरुस्त करायचे म्हणून त्याने आणि दाजींनी ते माझ्या पाठीवरून उतरवले.

बोल्ट नुसत्या दोन बोटांनी फिरला. भोकातून तपकिरी पाण्याचा एक ओघळ खाली आला.

बघा, म्हटले, बघा, हे माझ्या आतले आहे.

"गंज," छोटू म्हणाला आणि फडक्याने पुसून मोकळा झाला.

त्याची तरी काय चूक? स्कूटरमध्ये लाकूड नसते.

पण त्याने एक चांगले काम केले. बाजारातून दोर आणायला गेला होता तिथे त्याने बोटी दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीला विचारले आणि निरोप घेऊन आला. "दाजी, मिस्त्री म्हणाला, लाकडी मोगरीने सगळीकडे ठोकून बघा. टण बोलली तर बरी आहे. डब बोलली तर आत सडलंय, पाण्यात घालू नका. म्हणाला, हवं तर मी येऊन ऐकतो."

ऐकता ऐकता माझ्या जिवात जीव आला. कितीतरी वर्षांनी कोणीतरी मला विचारणार होते!

"त्याला कशाला बोलवायचं?" दाजी म्हणाले. "सगळा जन्म मशीनवर गेला माझा. छापखान्यात एक खिळा सैल झाला तर मला कळायचा. मी ऐकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोगरी हातात घेतली. ताई ओसरीवर शिलाई मशीन घेऊन माझ्या बैठकींची नवी कव्हरे शिवत होती, मशीनच्या घरघरीत गुणगुणत होती. छोटू माझ्या पुढच्या टोकाला पॉलिश पेपर घासत होता, खर्र खर्र. दाजींनी पुढून सुरुवात केली.

टण, मी म्हणाले. दाजींनी डोळे मिटले, मान तिरकी केली, एखाद्या जाणकाराने गाणे ऐकावे तशी, आणि मान हलवली. टण. मान हलली. तळाशी, टण. मान हलली. ते मागे मागे येत होते आणि मी स्वतःला गोळा करीत होते. आता ते पाठीपाशी येतील. आता मी सांगेन. माझ्याकडे एकच शब्द आहे, पण तो मी असा सांगेन की ऐकणारा दचकला पाहिजे.

त्यांनी मागच्या फळीवर मोगरी मारली.

डब!

दाजींनी डोळे मिटले, मान तिरकी केली, आणि हलवली.

डब! मी पुन्हा म्हणाले. डब! डब!

तीच मान. तेच मिटलेले डोळे. मोगरी पुढे सरकली.

"काय म्हणतेय, दाजी?" छोटूने माझ्या पुढच्या टोकावरून डोके वर काढून विचारले.

दाजींनी त्याच्याकडे पाहिले, त्याच्या तोंडाकडे पाहिले, आणि मग म्हणाले, "टणाटण आहे एकदम!"

तेव्हा माझ्या लक्षात आले, आणि पुतण्याच्या अंगणात वाटली होती त्यापेक्षा मोठी भीती मला वाटली. दाजींना ऐकूच येत नव्हते. पुरते बहिरे नव्हते ते. समोरचा बोलला, त्याचे ओठ दिसले की त्यांना समजायचे. पण बारीकसारीक आवाजांतला फरक त्या छापखान्याच्या मशीनने केव्हाच खाऊन टाकला होता. मग मला मागच्या साऱ्या खुणा दिसू लागल्या. ताई पाठीमागून बोलली की ते वळत नसत. कुकरची शिट्टी झाली तरी तिलाच उठावे लागे. आणि ती गाऊ लागली की ते कामधाम सोडून तिच्या तोंडाकडे बघत बसत. ताईला वाटे, काय हा रसिक नवरा!

ताईने ओसरीवरून विचारले, "सगळीकडे ठोकलंत ना? मागेसुद्धा?" या खेपेला त्यांचे तोंड तिच्याकडे होते.

"ठोकलं तर. कान आहेत ना मला?" दाजी म्हणाले.

छोटूला 'टणाटण' हा शब्द फार आवडला. "बोटीचं नाव ठरलं!" म्हणून त्याने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि माझ्या मागच्या फळीवर, नेमके त्या सडक्या जागेवर, ठळक अक्षरांत लिहिले: टणाटण.

मित्रांनो, माझी स्थिती काय सांगू? खोटे बोलणे मला येत नाही, आणि माझ्याच पाठीवर खोटे रंगवले गेले. तेही प्रेमाने, हौसेने, वेलबुट्टी काढून!

त्यानंतरचे दिवस मी कशा जिवाने काढले ते तो वरचा जाणतो. घरात उत्साह नुसता उतू जात होता. हिरव्या कव्हरांच्या बैठकी माझ्यात बसल्या. जाड फुगीर लाइफ जॅकेटे आली. छोटू ते अंगात घालून गल्लीभर फिरून आला आणि शेजारच्या पोरांनी त्याला उशी म्हणून चिडवले. थोरल्या बहिणीचा फोन आला की ताई सांगायची, "येते गं, अगदी तुझ्या पायरीशी उतरते बघ." तो आनंद ऐकला की माझ्या पाठीतली फळी आणखीच मऊ पडल्यासारखी वाटायची. ताई रोज सकाळी देवाची प्रार्थना म्हणायची आणि शेवटी "सगळ्यांना सुखरूप ठेव" असे म्हणून माझ्याकडेही एक नजर टाकायची. तिच्यामागून मी मुक्यानेच म्हणायचे, देवा, मला सुखरूप ठेवू नकोस वाटल्यास, पण हिला ठेव. कोणाला तरी ऐकू येऊ दे.

ठरलेला दिवस उजाडला. दुरुस्त झालेले इंजिन सकाळीच माझ्या पाठीवर पुन्हा टांगले गेले. त्याचे वजन पडताच फळी आतल्या आत कण्हली. छोटूच्या गाडीमागे ट्रेलर जोडला आणि आम्ही निघालो. शिंप्यांची दुकाने, पिठाची गिरणी, शाळेची भिंत. गतिरोधक आला की इंजिन हिसका देई आणि मला वाटे, आता तुटेल. मग मनात येई, तुटू दे, इथेच रस्त्यात तुटू दे. पोरे हात हलवत होती. नव्या नवरीसारखी मिरवत मी चालले होते, आणि मनातून थरथरत होते.

तळ्याच्या काठाला सिमेंटचा उतार केलेला होता. त्यावरून ट्रेलर उलटा पाण्यात न्यायचा आणि बोट तरंगली की पट्टा सोडायचा. कितीतरी वर्षांनी पाणी माझ्या पाठीला लागले. थंड. पूर्वी हाच स्पर्श झाला की मला घरी आल्यासारखे वाटायचे. आज तेच पाणी फळीभोवती बोटे फिरवून, कुठून आत शिरता येईल ते चाचपते आहे असे मला जाणवत होते.

ताई माझ्यात चढली. जॅकेट घालून, मांडीवर बहिणीसाठी शिवलेल्या झग्याची पिशवी घेऊन, हिरव्या बैठकीवर अंग चोरून बसली. तिने माझी कड घट्ट पकडली होती. तीही घाबरली होती. आम्ही दोघी घाबरलेल्या, आणि दोघीही गप्प. मग धीर यावा म्हणून ती हळू आवाजात गाऊ लागली.

आमच्यामागे आणखी एका बोटीची गाडी येऊन उभी राहिली. तिच्या मालकाने भोंगा वाजवला. मग लांबलचक वाजवला. काठावरची सगळी माणसे वळून बघू लागली, फक्त दाजी वळले नाहीत.

"दाजी ध्यानाला बसलेत," छोटू हसून ओरडला. "ओ साहेब, दोन मिनिटं! पहिलीच वेळ आहे!"

मी अजून पट्ट्याने ट्रेलरला बांधलेली होते. दाजी गुडघाभर पाण्यात उतरून माझ्यामागे आले आणि त्यांनी इंजिन सुरू केले. छोटूने काम चोख केले होते, पहिल्याच झटक्यात सुरू झाले. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बारीक पिचकारीसारखी उडू लागली. छोटूने टाळ्या वाजवल्या.

दाजींनी सवयीने एक हात इंजिनावर ठेवला आणि दुसरा माझ्या पाठीवर, नावाच्या बरोबर मध्ये.

तो हात मी कधी विसरणार नाही. छापखान्यात ते असेच उभे राहत असणार, एक हात मशीनवर आणि एक मशीन जिथे बसवलेले असते त्या चौथऱ्यावर. दोन्ही हातांना एकच थरथर लागली पाहिजे. मशीन पक्के बसले असेल तर दोन्ही एकाच तालात थरथरतात. आणि माझी पाठ? इंजिन एका तालात होते आणि मी दुसऱ्याच. मऊ, मागे राहिलेली, भरकटलेली थरथर.

त्यांचा हात थांबला. बोटे जरा दाबली गेली.

हो, मी म्हणाले. हो, दाजी. तिथेच.

त्यांनी हात उचलला. चेहरा तसाच, शांत. मागे पुन्हा भोंगा वाजला. छोटू म्हणाला, "सोडू का पट्टा?" आणि दाजी एक पाऊल पुढे आले, कड धरून आत चढायला त्यांनी पाय उचलला. मला वाटले, संपले. हाताला कळले तेही त्यांनी मान हलवून दाबून टाकले.

मग त्यांचे लक्ष ताईकडे गेले. ती गात होती. तिचे ओठ हलत होते, हनुवटी वर जात होती, खाली येत होती. ते तिच्याकडे बघतच राहिले. पाय परत पाण्यात गेला. वळून त्यांनी इंजिन बंद केले.

"छोटू, मोगरी आण."

"आता? दाजी, मागे लोक..."

"आण म्हणतो ना!"

छोटूने गाडीतून मोगरी आणून दिली. दाजींनी माझ्या कुशीवर ठोकले. टण. मग मागे, नावावर. डब.

"काय ऐकू आलं?" त्यांनी ताईला विचारले.

"मला काय विचारता? तुम्हीच तर तपासलंत," ताई म्हणाली. "तुमचे कान माझ्यापेक्षा तयार."

दाजी गुडघाभर पाण्यात उभे होते. काठावर माणसे होती, मेहुणा होता, भोंगावाला होता. मित्रांनो, पुरामध्ये उडी घेणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांनाही इतका धीर लागला नसेल.

"मला ऐकू येत नाही गं," ते म्हणाले. "केव्हापासूनच येत नाही. दोन्ही सारखेच वाटतात मला."

ताईचे गाणे तर थांबलेच होते, आता तिचा चेहराही थांबला. "म्हणजे माझी गाणी..."

"हनुवटी बघायचो तुझी. वर गेली की सूर वर गेला."

भोंगावाल्याने हात भोंग्यावरून काढून घेतला. ताई रागावली की रडवेली झाली ते मला कळले नाही. बहुधा दोन्ही. पण ती बैठकीवरून उठली, माझ्या मागच्या कडेवरून वाकली आणि कान अगदी माझ्या पाठीला लावला. "ठोका," म्हणाली.

दाजींनी ठोकले.

मी जन्मात कधी बोलले नव्हते इतक्या जिवाच्या आकांताने बोलले. डब!

"अगं आई," ताई पुटपुटली. "पोकळ आहे हो. रिकामी पेटी वाजवावी तशी." आणि मग तिने माझी कड पुन्हा घट्ट धरली. "मला इथून खाली उतरवा आधी."

त्याच दिवशी मला परत अंगणात आणले. नव्या हिरव्या बैठकी काढल्या, इंजिन उतरवले, आणि छोटूने पाठीचे फायबर कापले. आतून ओल्या चहापत्तीसारखा काळा भुगा मुठीमुठीने बाहेर आला. छोटूने एक मूठ हातात धरली, हुंगली, आणि पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही.

मिस्त्रीला बोलावले. सगळी फळी काढून नवी टाकली. तिची कड न् कड रसाने बंद केली, एकूण एक भोक बुजवले. ते ठोकणे, कापणे, घासणे मला दुखले का? दुखले. पण ते दुखणे मला हवे होते. ज्याचे दुखते आहे त्याला कोणी हात लावला की अर्धे बरे वाटते, हे तुम्हालाही माहीत असेल.

ताई काही दिवस गायली नाही. नुसती शिलाई मशीन चालवायची. दाजी समोर येऊन बसायचे. एके सकाळी ती उठली आणि म्हणाली, "चला, तुमच्या कानांचं बघायचं. आणि मिस्त्रीसारखाच चांगला माणूस गाठायचा." दाजी निमूट गेले. परत आले तेव्हा त्यांच्या कानामागे एक लहानसे यंत्र होते. ओसरीवर बसून त्यांनी ताईला गायला सांगितले. तिने गायले. दाजींनी या वेळी डोळे मिटले नाहीत, हनुवटीही पाहिली नाही. भिंतीकडे तोंड करून बसले.

"कसं वाटलं?" तिने शेवटी विचारले.

"दुसऱ्या कडव्यात वर जातेस ना, तिथे जरा चिरकतेस," दाजी म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"इतकी वर्षं बरे होतात, काही बोलत नव्हतात!" ताईने हातातला कापड मोजायचा गजच त्यांच्याकडे फेकला. त्या दिवसापासून ती पुन्हा गाऊ लागली.

आता आम्ही पलीकडच्या काठावर जातो. थोरली बहीण दारात खुर्ची टाकून बसलेली असते. माझे इंजिन ऐकू आले की म्हणते, "आली रे आली." हे शब्द मी फार वर्षांपूर्वी ऐकले होते. पण नव्या फळीने माझी भीती गेली असे समजू नका. पाणी पाठीला लागले की आजही मी शहारते. जे एकदा आतून सडले आहे ते पुन्हा सडू शकते, हे मी विसरू शकत नाही.

फरक इतकाच की दर वेळी पट्टा सोडण्याआधी दाजी मोगरी घेतात. माझ्या पाठीवरच्या नावावर ठोकतात, आणि नवराबायको दोघेही वाकून कान लावतात. मी म्हणते, टण. दाजी ताईकडे बघतात, ताई दाजींकडे. दोघांचे एकमत झाले की छोटू पट्टा सोडतो. तेवढे ऐकले जाते, म्हणून मी भीत भीत का होईना, पाण्यात जाते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल, एखादे जुने माणूस असेल. वरचा रंग चकचकीत दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. अधूनमधून जवळ जा, हलकेच टकटक करा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. एवढे माझ्यासाठी करा. आणि ते उत्तर तुम्हाला ऐकू आले नाही, तर मान हलवू नका. ऐकू आले नाही, असे सांगा. तुमच्या कानांच्या भरवशावर कोणीतरी आत बसलेले असते.